नववी मात्रा

आमच्या समाजमंदिरात आठ दिवस कथकचं शिबिर झालं. मुलींची नावं मागायला गेलो, तर घरोघरी एकच उत्तर, “पोरींना नाच शिकवायचाय का?” माझ्या सासूबाईही तेच म्हणाल्या.

पुण्याच्या ताईंनी वाद घातला नाही. रोहिणीताई भाट्यांनी १९४७ साली नृत्यभारती काढली, तेव्हाही लोक असंच बोलायचे, एवढंच सांगितलं आणि तत्कार सुरू केला. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पूर्ण तळवा जमिनीवर पडला पाहिजे. घुंगरं नंतर, आधी पाय पक्का. (आमच्या भेगाळलेल्या टाचांना ते जडच गेलं!)

तीनताल सोळा मात्रांचा. पहिलीला, पाचवीला, तेराव्वीला टाळी. नववी खाली, तिथं टाळी नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाई नातीला न्यायला आल्या, दारातच बसल्या. भजनात टाळ वाजवणारा हात तो, आपोआप ताल धरू लागला.

दसऱ्याला कार्यक्रम आहे. “चारचौघांत नको,” हे त्यांचं अजून कायम आहे. पण रोज संध्याकाळी ओसरीवरून हाक येते, “पोरी, खाली चुकलीस गं, परत घे.”