फुग्यातून घेतलेला शोध
(मंडळाच्या वर्धापनदिनी वडनेर येथे केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी. विश्वाच्या गोष्टी ही काय सांगणार, असे कोणाला वाटेल. पण तांदूळ निवडणे आपणा सर्वांना येते, आणि आजचा विषय निवडण्याचाच आहे.

आपल्या गावावरून जाणारा हमरस्ता हैदराबादला पोचतो. तेथे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र आहे. पातळ प्लॅस्टिकचा प्रचंड फुगा हायड्रोजन भरून सोडतात. तो यंत्रे घेऊन तीस-चाळीस किलोमीटर उंच जातो. काम झाले की यंत्रे हवाई छत्रीने उतरतात. अशी पेटी कोणाच्या शेतात आढळली तर भिऊ नये, मोडू नये, पोलिसांना कळवावे.

इतके उंच कशासाठी? आकाशातून सूक्ष्म कणांचा पाऊस रात्रंदिवस पडत असतो. त्यांना विश्वकिरण म्हणतात. १९१२ साली व्हिक्टर हेस हे शास्त्रज्ञ स्वतः फुग्यातून पाच किलोमीटरांवर गेले आणि उंचावर हे किरण वाढतात, असे त्यांनी दाखवले. खाली येताना हे कण हवेवर आदळून मोडतात. ते अखंड धरायचे तर वरच जावे लागते.

१९३२ साली या किरणांत पॉझिट्रॉन सापडला. वजन इलेक्ट्रॉनइतके, पण विद्युतभार उलट. अशा उलट्या कणांना प्रतिद्रव्य म्हणतात. द्रव्य आणि प्रतिद्रव्य भेटले की दोन्ही नाहीशी होतात, उरते ऊर्जा. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे गणित आपल्या मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी १९३५ साली मांडले; त्याला जगभर त्यांचेच नाव आहे. त्यांनी स्थापन केलेल्या टाटा संस्थेत १९४९ साली पहिल्या स्त्री संशोधक आल्या, त्या बिभा चौधुरी. त्यांचा विषय विश्वकिरणच होता.

आता एक कोडे. दीर्घिका ज्या वेगाने फिरतात, त्याचा हिशेब दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनाने जुळत नाही. साध्या द्रव्याच्या सुमारे पाचपट न दिसणारे द्रव्य असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. त्याचे नाव कृष्णद्रव्य. त्याचे कण एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील, तर त्यातून थोडे प्रतिद्रव्य निघेल, असा अंदाज आहे.

ते शोधायला जपान आणि अमेरिकेने 'बेस' हे यंत्र २००७-०८ मध्ये अँटार्क्टिकावर फुग्याने उडवले. इतक्या दूर का? मंद गतीचे कण पृथ्वीचे चुंबकत्व आपल्याकडे परतवून लावते, ध्रुवाजवळ मात्र आत येऊ देते. यंत्रातल्या जबर चुंबकामुळे उलट भाराचा कण उलट बाजूला वळतो. तो खडा वेगळा काढायचा. सुमारे साडेचोवीस दिवसांत ४७० कोटी नोंदी झाल्या. त्यांतून प्रतिप्रोटॉन निघाले ७,८८६.

मग कृष्णद्रव्य सापडले काय? नाही. तेवढे प्रतिप्रोटॉन साधे विश्वकिरण ताऱ्यांमधल्या वायूवर आदळूनही होतात, असे त्यांनीच सांगितले. धूर दिसला म्हणून घर पेटले असे होत नाही. शेजारची चूलही असते. म्हणून 'गॅप्स' नावाचे यंत्र बांधले. ते प्रतिड्यूटेरॉन शोधण्यासाठी आहे. मंद गतीचा हा कण साध्या टकरीतून जवळजवळ निघतच नाही. तेव्हा असे थोडे जरी सापडले, तरी तो मोठा पुरावा ठरेल.

भगिनींनो, हे सांगण्याचे कारण घरचेच आहे. नवी सून आली आणि म्हैस आटली, की आपण म्हणतो, हिचा पायगुण! चारा कमी होता का, म्हैस आजारी होती का, कोणी पाहत नाही. पायगुणही न दिसणाराच. पण त्याला आपण पुरावा मागत नाही, आणि ती पोर जन्मभर बोल ऐकते. तिकडे ४७० कोटी कण निवडूनही शास्त्रज्ञ "सिद्ध झाले" म्हणत नाहीत. दुसरे कारण असू शकेल का, हे ते आधी पाहतात.

तेवढे आपणही पाहावे. कोणावर ठपका ठेवण्यापूर्वी विचारावे, दुसरे कारण नाही ना? आणि हे विचारायला ज्या शाळेत शिकवतात, तेथून आपल्या मुलींना मध्येच काढू नये.