कुंडीतील पाणी : देणे आणि निचरा
(भाषणाचा मजकूर)



नागरीकरणाबरोबर शहरांत मोकळी जमीन कमी होत आहे आणि घराच्या गच्चीवर, सज्जात भाजीपाला व फुलझाडे लावण्याकडे कल वाढत आहे. ही बाग फुलावी यासाठी पाणी किती घालावे, याची चर्चा होते. परंतु घातलेले पाणी बाहेर कसे पडेल, याचा विचार क्वचितच होतो. कुंडीतील बागेचे यश मात्र या दुसऱ्या प्रश्नावरच अधिक अवलंबून आहे.

जमिनीत जादा पाणी खोल झिरपते. कुंडीत त्याला तळाशी अडथळा येतो आणि केशाकर्षणामुळे तळालगतचा मातीचा थर ओलाचिंब राहतो. निचरा व्हावा म्हणून तळाशी खडीचा जाड थर देण्याची प्रथा सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात बारीक मातीतील पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. ते खडीच्या वरच अडते. परिणामी चिंब थर मुळांच्या अधिक जवळ येतो. भोकावर माती अडवण्यापुरती एखादी खापरी पुरेशी आहे. खरा उपाय म्हणजे पुरेशी भोके, खोल कुंडी आणि पोयटा माती, चांगले कुजलेले शेणखत व नारळाच्या काथ्याचा भुसा यांचे भुसभुशीत मिश्रण. कुंडी विटांवर ठेवल्यास भोके मोकळी राहतात.

पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. अशा वेळी पाने पिवळी पडून झाड मलूल होते. ही लक्षणे तहानेसारखीच दिसत असल्याने आणखी पाणी घातले जाते आणि झाड दगावते. म्हणून बोट दोन पेरे मातीत घालून ओल तपासावी. कोरडे लागल्यासच पाणी द्यावे. उन्हाळ्यात सकाळी पाणी देऊन वर पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यास बाष्पीभवन घटते. पावसाळ्यात कुंडीखालच्या थाळ्या काढून टाकणे इष्ट.

या थाळ्यांचा प्रश्न केवळ झाडांचा नाही. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास घराभोवतीच्या अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला अनेक महिने टिकू शकतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा थाळी नुसती रिकामी न करता घासून कोरडी करणे आवश्यक ठरते.

पाण्याचा हिशेबही महत्त्वाचा आहे. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाण्याचा निकष सांगितला जातो. २० कुंड्यांना प्रत्येकी २ लिटर पाणी दिल्यास दररोज ४० लिटर लागतात, म्हणजे एका माणसाच्या वाट्याच्या जवळजवळ तीस टक्के. भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी वापरल्यास हा भार हलका होतो. साबणाचे वा मिठाचे पाणी मात्र टाळावे.

या दिशेने केरळमधील एक प्रयोग उल्लेखनीय आहे. कोळिकोड येथील जलसंसाधन विकास व व्यवस्थापन केंद्राने वातीच्या सिंचनाची साधी पद्धत पुढे आणली. पिशवीच्या तळातून काढलेली वात खालच्या पाण्याने भरलेल्या नळीत सोडतात. झाडाला लागेल तसे पाणी वातीतून वर चढते. तळाशी पाणी अडवून धरणारे केशाकर्षण येथे झाडाच्या कामी येते. पाणी वाया जात नाही आणि नळी नीट झाकलेली असल्यास डासांनाही थारा मिळत नाही.

गच्चीचा भार व गळती यांचाही विचार हवा. एक फूट व्यासाची, ओल्या मातीने भरलेली कुंडी सुमारे २५ ते ३० किलो भरते. म्हणून कुंड्या तुळयांच्या वर किंवा भिंतींलगत ठेवाव्यात आणि गच्चीची पन्हाळी मोकळी राखावी.

पाणी देणारा हात प्रत्येक घरात आहे. त्या हाताला पाण्याची वाट मोकळी ठेवण्याचीही सवय जडली, तर गच्चीवरची बाग घराला भाजी देईल आणि शेजाऱ्याला आजार देणार नाही.