उष्टावणानंतरची वाटी

उष्टावण झालं, खिरीचं बोट बाळाला चाटवलं. आता रोज भरवायचं काय? सहा महिन्यांनंतर बाळाची लोहाची गरज केवळ आईच्या दुधातून भागत नाही. म्हणून मुगाची मऊ खिचडी, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं द्या. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करा. घास चमच्यावर टिकेल इतका घट्ट हवा. वरणाच्या नुसत्या पाण्यानं पोट भरतं, पोषण होत नाही. वर्षाचं होईपर्यंत मीठ-साखर टाळा. मध तर चाटवूच नका. त्यातून तान्ह्यांना गंभीर विषबाधा होऊ शकते. बाळानं तोंड फिरवलं, तर बळजबरी नको. तोच पदार्थ चार दिवसांनी पुन्हा द्या. आणि आईचं दूध दोन वर्षांपर्यंत, जमल्यास पुढेही, चालू ठेवा.