पंधरा वर्षांतून एकदा
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी बोल." माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. त्यावर दहा मिनिटं बोलले तर मागच्या बाकांवरची मंडळी झोपतील, हे मला दहावीपासून ठाऊक आहे. म्हणून मी आपल्या बहुतेकांच्या घरी असलेल्या एका यंत्राबद्दल बोलणार आहे. ते म्हणजे जुनी मोटारसायकल. आज मैदानात लागलेल्या काही गाड्या आपल्या मुलांपेक्षा वयानं मोठ्या आहेत, आणि काही तर वडिलांकडून आलेल्या आहेत.

हा विषय मला कामामुळेच सुचला. आमच्याकडे प्रोग्राम लिहिणाऱ्याला "चालतंय ना?" असं विचारून काम संपत नाही. काय व्हायला हवं ते आधी लिहून ठेवलेलं असतं आणि त्याच्याशी ताडून पाहणी होते, तीही पुन्हा पुन्हा. कालपर्यंत चालत होतं, म्हणून आज चालेलच असं धरत नाहीत. रस्त्यावरच्या यंत्रांना हाच नियम कुठे लावतात का, हे शोधताना ब्रिटनमधल्या वाहन तपासणीची माहिती वाचनात आली.

तिकडे या तपासणीला 'एमओटी' म्हणतात. मोटारसायकल तीन वर्षांची झाली की तिची पहिली तपासणी होते आणि पुढे दरवर्षी. सापडलेल्या दोषांची २०१८ पासून धोकादायक, गंभीर आणि किरकोळ अशी वर्गवारी करतात. त्याशिवाय 'आज पास, पण इकडे लक्ष ठेवा' अशी सूचनाही लिहून देतात. मालकांची नावं वगळून हे निकाल सरकार सर्वांसाठी खुले करतं. जुनी गाडी घेणारा माणूस नंबर टाकून तिचा पूर्वीचा निकाल घरबसल्या बघू शकतो.

मोटारसायकली नापास कशामुळे होतात? आपल्याला वाटेल, इंजिन. पण यादीत सगळ्यात वर आहेत दिवे आणि वायरिंग. त्यानंतर ब्रेक, टायर, हँडल आणि शॉकअप. म्हणजे पन्नास रुपयांचा बल्ब, दोनशे रुपयांची केबल, असल्याच गोष्टी. इंजिन बिघडलं तर गाडी बंद पडते आणि आपण निमूटपणे फिटरकडे जातो. मागचा ब्रेकलाइट गेला तर गाडी पूर्वीसारखीच पळते. तो दिवा आपल्याला कधी दिसतच नाही, दिसतो तो मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला.

आता आपल्याकडचं बघू. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली की गाडी आरटीओत न्यायची, निरीक्षक ती बघतात, आणि मग ५ वर्षांसाठी नूतनीकरण होतं. आपण याला रिपासिंग म्हणतो. म्हणजे खासगी गाडीला पहिली १५ वर्षं 'ब्रेक लागतो का' असं विचारणारं सक्तीचं कुणीच नाही. "पण पीयूसी काढतो ना आम्ही," असं काही जण म्हणतील. पीयूसी फक्त धूर तपासते. नळी सायलेन्सरमध्ये घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. टायरला टक्कल पडलेलं असलं तरी पीयूसी मिळते.

माझ्या वडिलांकडे २००६ सालची १०० सीसीची गाडी आहे. तिच्यावरून ते रोज शेतावर जायचे आणि संध्याकाळी माझ्या भाचीला मागे बसवून शिकवणीला सोडायचे. १५ वर्षं झाली, रिपासिंगची वेळ आली. वडील म्हणाले, "गाडी ठणठणीत आहे, नुसते कागद करायचे." आरटीओत नेण्याआधी गावातल्या फिटरनं ती डबल स्टँडवर घेतली. मागचा ब्रेक दाबला, तर दिवा लागत नव्हता. पुढच्या ब्रेकच्या केबलचे लिव्हरजवळचे बरेचसे पदर तुटले होते, थोड्याच तारांवर ती तगून होती. हँडल फिरवलं की बरोबर मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकत होतं, म्हणजे कोनसेट गेला होता. चेसिस नंबरावर इतका गंज होता की पेन्सिलनं ठसा उमटेना.

वडील खोटं बोलत नव्हते. ब्रेक एका दिवसात कमी होत नाही. रोज केसभर कमी होतो आणि आपलं बोट रोज केसभर जास्त दाबतं. हँडल एका बाजूला ओढतं, तसे आपणही दुसरीकडे झुकायला शिकतो. गाडीची खोड आपल्या अंगवळणी पडते आणि मग ती खोड आहे हेच कळेनासं होतं. जो रोज चालवतो त्यालाच शेवटी कळतं. त्या दिवशी फिटरकडून निघताना वडील काही बोलले नाहीत. पण आठवडाभर त्यांनी भाचीला बसनं पाठवलं, सगळी कामं पूर्ण होईपर्यंत.

विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांच्या साक्षीनं एक उजळणी करते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४० ऐवजी ६० च्या वेगानं गेलात तर वेग दीडपट होतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट. ६० च्या वेगात एका सेकंदात साडेसोळा मीटर अंतर जातं, आणि तेवढ्यात अजून ब्रेकला हातही लागलेला नसतो. त्यापुढचं सगळं त्या लायनरवर, केबलवर आणि टायरवर.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं कराच. दिवे बघायला दोन माणसं लागतात. एकानं पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा दाबायचा, दुसऱ्यानं मागे उभं राहायचं. दोन्हींचे स्विच वेगळे असतात, त्यामुळे एक चालतो म्हणजे दुसरा चालतोच असं नाही. ड्रम ब्रेकच्या बाहेर बहुतेक गाड्यांना एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेच्या पलीकडे गेला तर लायनर संपले. डिस्क असेल तर ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावं. टायरची नक्षी आपल्या नियमाप्रमाणे दुचाकीला किमान ०.८ मिलिमीटर हवी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत असली तरी रबर कडक होऊन चिरा पडल्या असतील, तर तो टायर ओल्या रस्त्यावर घसरणारच. चेनसेटचे दात आकड्यासारखे वाकले असतील तर नुसती चेन ताणून काही होत नाही. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसला तर सील गेलं. ते तेल डिस्कवर उतरलं तर ब्रेक नावापुरता उरेल.

हे सगळं बघायला पंधरा मिनिटं पुरतात. दिवस ठरवायचा असेल तर विम्याच्या नूतनीकरणाचा ठरवा, जुन्या गाडीला तो सहसा दरवर्षी येतो. जे सापडेल ते तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. आणि शक्यतो स्वतःची गाडी स्वतः तपासू नका. शेजाऱ्याला द्या, मुलाला द्या, आपल्या बॅचमध्ये ज्याचं गॅरेज आहे त्याला द्या. त्यानं सांगितलं की "अरे, चांगली चालते की," असं म्हणू नका.

आपल्यापैकी बरेच जण आता पंचेचाळिशीकडे आलो. डॉक्टर वर्षातून एकदा रक्त तपासायला सांगतात, आपण "मला काही होत नाही" म्हणतो. त्यावर बोलण्यासाठी आपल्यात दोन डॉक्टर आहेत, ते नंतर बोलतील. माझी विनंती फक्त गाडीपुरती आहे. त्या गाडीच्या मागच्या सीटवर बहुतेक वेळा आपलंच मूल बसलेलं असतं.