शस्त्रक्रियेनंतरचे आठ दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी या विषयावर बोलायला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. लोणच्यापापडांवर बोला म्हणाल्या असत्या तर लगेच उभी राहिले असते. पण कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनबद्दल चारचौघींत काय बोलायचे? मग मनाशी विचार केला, इथे बसलेल्यांपैकी निम्म्याजणींनी तरी हे ऑपरेशन करून घेतले असेल. देशात लग्न झालेल्या बायकांपैकी शंभरात सुमारे ३८ जणींनी ते केलेले आहे, असे २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत निघाले. जे इतक्या घरांतून झाले, त्याच्याबद्दल आपण एकमेकींशी बोलत नाही. झाकली मूठ म्हणून सोडून देतो. म्हणून आज मूठ उघडते.

माझे ऑपरेशन २००७ साली झाले. थोरली पाच वर्षांची, धाकटी दीड वर्षाची. दोन्ही मुलीच. सासूबाईंचे म्हणणे, आणखी एकदा पाहू. आमच्या घरच्यांचे आणि माझे ठरले होते की दोघींना नीट वाढवायचे, शिकवायचे. चार महिने घरात अबोला होता. शेवटी मी गेले.

त्या दिवशी पुष्कळ बायका होत्या. कागद पुढे आला, मी सही केली. मला वाचता येत होते, सातवी झालेली होते, पण मागे रांग उभी होती आणि वाचत बसायला संकोच वाटला. बेंबीच्या खाली इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात. माणूस शुद्धीवर असते. कापल्याचे कळत नाही, पण आतून ओढल्यासारखे होते, आणि मळमळते. हे मला अगोदर कोणी सांगितले असते तर मी इतकी घाबरले नसते. नंतर खाटा पुरल्या नाहीत. खाली सतरंजीवर आडवे केले. जाताना परिचारिकाबाईंनी घाईत सांगितले, टाक्याला पाणी लावू नका, आठवडाभर जड उचलू नका, आठव्या दिवशी टाके काढायला या.

आठवडाभर! आमच्या गल्लीत तेव्हा सार्वजनिक नळ होता. दोन दिवस धाकट्या जाऊबाईंनी पाणी भरले. तिसऱ्या दिवशी त्यांना माहेरचे बोलावणे आले. नळ पहाटे यायचा. मी हंडा उचलला, कमरेवर कळशी घेतली. सासूबाईंनी पाहिले, पण त्या काही बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी ताप भरला, टाक्यांतून पू येऊ लागला. शेजारच्या काकूंनी लुगड्याची ओली कडा पाहिली आणि त्याच पावली मला दवाखान्यात नेले. टाके उसवून जखम धुतली, पुढे दहा दिवस रोज मलमपट्टी. धाकटी कडेवर घ्या म्हणून रडायची आणि मला ती घेता यायची नाही.

पुष्कळ दिवस माझ्या मनात सासूबाईंविषयी राग होता. तो कसा गेला ते सांगते. धाकट्या जाऊबाईंचे बाळंतपण झाले तेव्हा याच सासूबाई पहाटे उठून पाणी तापवत. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, सव्वा महिना तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिले नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आले की या बाईजवळ माया कमी नाही. बाळंतिणीचे काय करायचे ते तिला तिच्या सासूने शिकवले, त्या सासूला तिच्या सासूने. ऑपरेशनवालीचे काय करायचे ते कोणी शिकवलेच नव्हते. पोट कापलेले असते, पण मांडीवर मूल नसते. म्हणून घराला वाटते, हिला काय झाले आहे? बाई सकाळी जाते, परत येते, आणि चुलीशी बसते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या रूढी आपल्याजवळ आहेत, पण या ऑपरेशनची रूढी अजून पडलेली नाही. ती आता आपणच पाडायची आहे. आज मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे.

ती रूढी काय असावी? पहिले दोन दिवस पूर्ण विसावा. मग हलके काम चालेल. आठवडाभर हंडा नको, दळणाचा डबा नको, मूल कडेवर नको, नवऱ्यापासूनही आठवडाभर दूर. टाका कोरडा ठेवायचा. ताप आला, पू आला, पोटात दुखणे वाढत गेले, चक्कर आली, तर हळद लावून वाट पाहत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दुर्बिणीच्या ऑपरेशनला छेद लहान असतो, म्हणून बायका दुसऱ्या दिवशी शेतावर जातात. छेद लहान असला तरी आत काम तेच झालेले असते.

आता शंकांविषयी. ऑपरेशनने पाळी बंद होत नाही. गर्भाशय जागच्या जागी असते, फक्त दोन बाजूंच्या नळ्या बांधून बंद करतात. त्याने अंग सुटत नाही की कायमचा अशक्तपणा येत नाही, असे डॉक्टर सांगतात. तरी कित्येकजणी म्हणतात, तेव्हापासून माझी कंबर धरली. त्यांना खोटे पाडू नये. रक्त कमी असेल, दुसरे काही दुखणे असेल, ते तपासून घ्यावे. सगळे दुखणे ऑपरेशनच्या माथी मारले तर खरे दुखणे आतच राहते.

एक गोष्ट मात्र जड मनाने सांगते. तिच्या परवानगीने सांगते, नाव सांगत नाही. आपल्या ओळखीच्या एका भगिनीला ऑपरेशननंतर दोन वर्षांनी दिवस गेले. नवऱ्याने विचारू नये ते विचारले. सासर-माहेर दोन्हीकडे कुजबुज झाली. ती मला म्हणाली, "ताई, विहीर दिसत होती डोळ्यांपुढे." मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेले, नवऱ्यालाही बरोबर घेतले. डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सांगितले की हे ऑपरेशन क्वचित निष्फळ होते. पहिल्याच वर्षात दर दोनशे बायकांत एखादीला दिवस राहू शकतात, आणि पुढच्या वर्षांतही थोडा संभव राहतो. यात बाईचा दोष नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. घरी येताना त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली, एवढे मी पाहिले.

भगिनींनो, म्हणून पाळी चुकली तर ऑपरेशन झाले आहे म्हणून स्वस्थ बसू नका. अशा वेळी गर्भ नळीतच राहण्याचा धोका असतो, आणि तो जिवावरचा असतो. लगेच तपासणी करा. आणि कागद जपा. ऑपरेशननंतर महिन्याने, किंवा त्याआधी पाळी आली तर तेव्हा, दाखला मिळतो. तो मागून घ्यावा आणि रेशनकार्डाबरोबर ठेवावा. ऑपरेशन निष्फळ झाले तर सरकारकडून भरपाई मिळते, पण कळल्यापासून नव्वद दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. त्या भगिनीचा कागद सापडला नाही, आणि दिवस निघून गेले.

सहीच्या आधी कागद वाचून घ्यावा, येत नसेल तर वाचून दाखवायला सांगावा. रांग थांबेल, थांबू द्यावी. २०१४ साली छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात एका दिवसात ८३ बायकांची ऑपरेशने उरकली, आणि दहाहून अधिक बायका दगावल्या. त्यांच्या घरी तान्ही मुले होती. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे बंद करण्याचा आदेश दिला. घाई कुणाच्या जिवावर बेतते ते यावरून कळावे.

हेही लक्षात असू द्या की हे ऑपरेशन कायमचे आहे. पुन्हा नळी जोडता येईलच असे नाही. मन दोलायमान असेल तर तांबी आहे, गोळ्या आहेत, २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत तीन महिन्यांचे 'अंतरा' इंजेक्शन आहे. ऑपरेशनला नवऱ्याची सही नियमाने लागत नाही. देह आपला, निर्णय आपला. तरी घरात बोलून केले तर आठ दिवसांचा विसावा मिळणे सोपे जाते.

आणि घरात बोलायला बसलात तर यजमानांसमोर आणखी एक गोष्ट ठेवा. पुरुषांचे ऑपरेशन लहान, पोट न उघडता होणारे. एक काळ असा होता की आपल्या देशात हे ऑपरेशन बायकांपेक्षा पुरुष अधिक करीत. आणीबाणीत, १९७६ साली, त्यांच्यावर जबरदस्ती झाली आणि धसका बसला. तेव्हापासून सारा भार बायकांच्या पोटावर आला. मघाशी ३८ चा आकडा सांगितला, त्याच पाहणीत पुरुषांचे ऑपरेशन झालेली जोडपी हजारात जेमतेम तीन निघाली. पुरुषांनी ऑपरेशननंतर तीन महिने दुसरे साधन वापरावे आणि तपासणी करून घ्यावी, मग काळजी नाही. त्याने ताकद जात नाही. आमच्या घरी हे २००७ साली कोणाला सुचले नाही. मलाही नाही.

आता शेवटचे. गेल्या वर्षी आपल्या मंडळातल्या दोघींची ऑपरेशने झाली तेव्हा आपण पाळ्या लावल्या. एकीने पाणी भरले, एकीने भाकरीभाजी पोचवली, एकीने मुलांना शाळेत सोडले. कोणाच्याच घरचे काम अडले नाही, आणि दोघींचे टाके कोरडे राहिले. दुसऱ्या घरी तर चौथ्या दिवशी सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, "उद्यापासून मी बघते, तुम्ही नका येऊ." रूढी अशीच पडते. यंदाच्या वर्षी मंडळाने हे कायमचे काम म्हणून वहीत लिहून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. पहिल्या पाळीला माझे नाव लिहा.

माझ्या सासूबाई आता थकल्या आहेत. परवा हे भाषण त्यांना वाचून दाखवले. हंड्याची गोष्ट आली तेव्हा मी थांबले. त्या म्हणाल्या, "वाच, वाच. खरेच आहे ते." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "डिंकाचे लाडू चालतात का गं ऑपरेशनवालीला?" मी म्हटले, चालतात. तेव्हा भगिनींनो, लाडवांची पाळी आमच्या घरी.