अंग बाहेर येणे आणि मूत्रपिंडांचे विकार



वयस्कर स्त्रिया ज्या दुखण्याला दबक्या आवाजात ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात, त्यालाच वैद्यकात गर्भाशयभ्रंश असे नाव आहे. वारंवारची बाळंतपणे, जड ओझी, जुनाट खोकला आणि वाढते वय यांमुळे ओटीपोटाचा तळ सैल पडतो आणि गर्भाशय खाली सरकते. ते एकटे सरकत नाही. त्याच्या पुढच्या बाजूस असलेले मूत्राशयही बरोबर ओढले जाते.

प्रारंभी खोकताना वा शिंकताना नकळत लघवी होते. पुढे भ्रंश वाढला म्हणजे कित्येकदा हा त्रास आपोआप थांबतो आणि रुग्णेला हायसे वाटते. वस्तुतः ही सुधारणा नव्हे. मूत्रमार्गाला मुरड पडून लघवी अडू लागलेली असते. बाहेर आलेला भाग हाताने आत सारल्याखेरीज काहींना लघवी होत नाही. झाली तरी मूत्राशय पुरते रिकामे होत नाही. साचलेल्या मूत्रात मग जंतू वाढतात.

याहून गंभीर प्रकार वरच्या बाजूला घडतो. मूत्रपिंडांकडून मूत्र आणणाऱ्या दोन्ही मूत्रवाहिन्या गर्भाशयाच्या अगदी जवळून जातात. गर्भाशय संपूर्ण बाहेर आले असता त्या ताणल्या किंवा दाबल्या जाऊ शकतात. तसे झाल्यास मूत्र वर तुंबते आणि मूत्रपिंडे फुगतात. हे सावकाश घडते, बहुधा दुखत नाही. म्हणूनच ध्यानी येत नाही.

डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. शेकडा ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र शेकडा ८च होत्या. ही पाहणी केवळ भ्रंशापुरती नव्हती. पण संकोचाआड किती दुखणी दडतात, हे तीवरून कळते.

उपाय अवघड नाहीत. सोनोग्राफीने मूत्रपिंडांची सूज दिसते आणि रक्ततपासणीने त्यांचे कार्य कळते. आधारासाठी आत बसवायचे कडे किंवा शस्त्रक्रिया यांनी अवयव पूर्वस्थानी आले की तुंबारा बहुधा ओसरतो. मात्र फार उशीर झाल्यास मूत्रपिंडांची झालेली हानी पुरती भरून येत नाही. लघवी अजिबात होईनाशी झाली, किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घरातील वृद्धा पाणी पिण्याचे टाळू लागली, तर लेकीसुनांनी तिला आपणहून विचारावे; ती स्वतः सांगेल अशी वाट पाहू नये.