डीपीचं गणित आणि दहावीनंतरची दोन वर्षं

रब्बीचं पाणी सुरू झालं की बीड जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत एक वाक्य हमखास कानावर पडतं, 'डीपी जळाली.' मग वर्गणी गोळा होते, टेम्पो ठरतो, तालुक्याच्या खेपा सुरू होतात, आणि इकडे वाफ्यातला हरभरा मान टाकतो. डीपी कधी येणार हे सगळे विचारतात. ती जळाली कशानं, हे विचारणारा सहसा भेटत नाही. हा प्रश्न ज्याला पडतो आणि ज्याला त्याचं उत्तर काढता येतं, असं एक पोर गावात तयार करायला दोन वर्षं पुरतात. आज त्या दोन वर्षांविषयी बोलायचं आहे.

आधी उत्तर काढून बघू. समजा, गावच्या शिवारात 100 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आपली डीपी, आहे आणि तो 433 व्होल्टनं वीज देतो. एक लाखाला 433नं भागा, आलेल्या उत्तराला पुन्हा 1.732नं भागा. उत्तर येतं 133. म्हणजे हा ट्रान्सफॉर्मर प्रत्येक फेजवर 133 अँपिअर सोसतो. पाच हॉर्सपॉवरची मोटार पूर्ण भारावर साधारण साडेसात अँपिअर घेते. वीस मोटारी जोडल्या की झाले 150. इथंच मर्यादा ओलांडली. पण खरी मेख पुढं आहे. मोटार चालू होताना क्षणभर पाच ते सात पट करंट ओढते. शेतकऱ्यानं रात्री झोप मिळावी म्हणून ऑटो स्विच बसवलेला असतो. त्याचा दोष नाही, रात्री-बेरात्री विहिरीवर जाणं किती जिवावरचं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. पण वीज आली की विसाच्या वीस मोटारी एकदम उठतात. सहा पट धरली तरी त्या घटकेला मागणी होते 900 अँपिअरची. किटकॅटमधली, म्हणजे फ्यूजची, तार वितळते. तिच्या जागी कुणीतरी जाड ॲल्युमिनिअमची तार घालतो. आता तार वितळत नाही, ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग वितळतं.

भागाकार, गुणाकार आणि तीनचं वर्गमूळ, एवढंच हे गणित. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, विजतंत्री या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात 'वर्कशॉप कॅल्क्युलेशन' नावाचा विषय असतो. पुष्कळ मुलं तो टाळतात. आपण हातानं काम करायला आलो, हिशेब कशाला, असं त्यांना वाटतं. माझं मत याच्या अगदी उलट आहे. तार जोडायला गावातला कुणीही शिकवील. तार किती जाडीची हवी, हे सांगणारा हिशेब संस्थेतच शिकायला मिळतो, आणि दोन वर्षं द्यायची ती त्यासाठी.

पहिल्या वर्षी सुरक्षितता, तारांचे सांधे, ओहमचा नियम, घरातलं वायरिंग, अर्थिंग, मोजमापाची उपकरणं. दुसऱ्या वर्षी मोटारी, अल्टरनेटर, वाइंडिंग, कंट्रोल पॅनेल, इन्व्हर्टर. यातलं अर्थिंग आणि वाइंडिंग स्वतःच्या हातानं केल्याशिवाय सोडू नका. मोटारीच्या खाचांत कॉइल बसवताना जो विद्यार्थी तीन फेज बोटांनी वेगळे करतो, त्याला एक फेज गेला तर मोटार का गुणगुणते, उरलेल्या दोन फेजांवर करंट का चढतो आणि वाइंडिंग का करपतं, हे निराळं पाठ करावं लागत नाही.

केंद्र सरकारनं 1950 साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, तिच्यातून ही आयटीआयची व्यवस्था उभी राहिली. 1961च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यामुळं पुढं कारखान्यात किंवा वीज कंपनीत विद्यावेतनावर काम शिकता येतं. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीला विजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र लागतं. हे बहुतेकांना माहीत असतं. अनेक घरांत माहीत नसतं ते असं, की दहावीनंतर आयटीआयची दोन वर्षं पुरी केली, तर तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बारावी विज्ञान झालेल्यांनाही ती वाट खुली आहे. तीन वर्षांची पदविका मग दोनच वर्षांत होते, आणि पदविकेवरून अभियांत्रिकीच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बीडलाच शासकीय तंत्रनिकेतन आहे. आयटीआय केली म्हणजे शिक्षण संपलं, असं समजून पोराला कमी लेखणाऱ्या पाहुण्यांना हे जरूर सांगा.

काम कुठं मिळेल? जुन्या पिढीच्या डोळ्यांसमोर परळीचं औष्णिक केंद्रच येतं. आजही तिथं 250 मेगावॉटचे तीन संच आहेत. पण 2013च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, हे विसरून चालणार नाही. एका चिमणीच्या भरवशावर अख्ख्या जिल्ह्याच्या पोरांचं भवितव्य टांगू नये. आज बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरताहेत, साखर कारखाने बगॅसवर वीज तयार करताहेत, शिवारात सौर पंप बसताहेत. 2024मध्ये राज्यानं 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजना आणली; त्यात सर्वसाधारण शेतकऱ्यानं दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के रक्कम भरायची असते. पंप बसला खरा, पण कंट्रोलर बंद पडला तर दुरुस्त कोण करणार? त्या माणसाला पुण्याहून बोलवायची वेळ येऊ नये.

मुलींच्या आईवडिलांशी दोन शब्द. विजेचं काम पोरींचं नाही, असं कुणी म्हणालं तर उषा जगदाळे यांचं नाव घ्या. बीड जिल्ह्यातल्याच, खो-खो खेळलेल्या, महावितरणमध्ये काम करणाऱ्या. 2020 साली शिडीशिवाय विजेच्या खांबावर चढतानाचं त्यांचं चित्रण देशभर पाहिलं गेलं. चपळाई त्यांनी मैदानावर कमावली. तुमच्या मुलीकडे ती आहे की नाही हे बघायला आधी तिला कार्यशाळेत तर जाऊ द्या.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना कळकळीची विनंती. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघता, तेव्हा आयटीआयचं वर्ष ऐन भरात असतं. पोराला सोबत नेलं की त्याची हजेरी बुडते आणि नेमकं प्रात्यक्षिक बुडतं, जे पुस्तकातून भरून काढता येत नाही. प्रवेश घेतानाच वसतिगृहाची चौकशी करा; आजी-आजोबा, मामा, कुणाकडे तरी त्याची सोय लावा.

शेवटी गावकऱ्यांना सांगायचं आहे. पोरगा आयटीआयला जायला लागला की पहिल्याच महिन्यात लोक त्याला हाक मारतात, 'जरा वर चढून फ्यूज टाक.' त्याला चढवू नका. शिक्षण पुरं करून, अनुभव घेऊन, अनुज्ञापक मंडळाचा परवाना मिळेपर्यंत तो शिकाऊच आहे. परवाना मिळाला तरी महावितरणच्या डीपीला हात लावायचा अधिकार त्याला मिळत नाही. फीडर बंद आहे एवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही, कारण एखाद्या घरचं जनरेटर किंवा चुकीचं जोडलेलं इन्व्हर्टर त्याच तारेत उलटी वीज सोडतं आणि तारेवर काम करणाऱ्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. म्हणून जाणकार लाइनमन पुरवठा तोडणारा एबी स्विच उघडल्यावरही डिस्चार्ज रॉडनं तार जमिनीशी जोडतो आणि मगच हात लावतो. तुमच्या गावची डीपी गेली तर 1912 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तो चोवीस तास चालू असतो.